"बसलीस काय, ताई?": बालवयातल्या नार्कोलेप्सीचं एक प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका मुलीचं, आणि नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराचं. तिचं आणि भावाचं नाव, पेठ, आणखी एक-दोन खुणा बदलल्या आहेत. लिहून झाल्यावर तिच्या आई-वडिलांना वाचायला दिलं, तिलाही दिलं. तिनं एक वाक्य खोडायला लावलं, ते खोडलं. बाकीचं राहू दे म्हणाली.

पार्श्वभूमी

आर्या अकरा वर्षांची, सहावीतली. घर मंगळवार पेठेत. वडिलांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप: दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, तीन कामगार. आई पतसंस्थेत क्लार्क. घरात आजी, आणि आर्यापेक्षा तीन वर्षांनी लहान भाऊ, ओम. मी तिच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जाते.

पाचवीच्या दिवाळीपर्यंत घरात सगळ्यांत जास्त आवाज हिचा. कोल्हापुरातल्या पुष्कळ मुलींसारखी "मी आलो, मी जेवलो" असं बोलणारी. नकला करायची: आत्याची, रिक्षावाल्या मामांची, रतीब घालायला येणाऱ्या आजोबांची. शाळेच्या खो-खो संघात होती. आई म्हणाली, "आमच्याकडं टीव्ही लावायची गरजच नव्हती."

दिवाळीनंतर झोप वाढली. शाळेतून आली की पाठीवरचं दप्तर न काढताच सोफ्यावर आडवी. रात्री नऊला झोपून सकाळी सातला हलवून उठवावी लागायची, आणि शाळेत दुसऱ्या तासाला पुन्हा डोळे मिटलेले. सहा महिन्यांत वजन नऊ किलोनं वाढलं. आईनं तिच्या ताटातली भाकरी अर्धी केली, भात बंद केला, रविवारच्या पांढऱ्या रश्श्याची वाटीही मोजून द्यायला लागली. वजन थांबलं नाही. मुलगी चोरून खाते असा संशय मात्र घरात शिरला.

तिची भूगोलाची वही मी नंतर पाहिली. "पंचगंगा नदी कासारी, कुंभी, तुळशी" इथपर्यंत अक्षर गोल, नेटकं. पुढचा "भोगावती" ओळीखाली उतरत गेलेला, त्यानंतर अर्ध्या पानभर नुसत्या रेघा, आणि मग एकदम खालच्या ओळीवर पुन्हा नीट अक्षर. हात लिहीत राहिला होता, मुलगी झोपली होती. या वहीवर शिक्षकांचा लाल शेरा होता: "अक्षर सुधारणे."

अडचण काय होती, आणि प्रत्येकानं तिला काय नाव दिलं

झोप ही अर्धीच अडचण. सहावीच्या सुरुवातीपासून ती पडायला लागली.

खो-खोच्या सरावात ती पाटीवर उकिडवी बसलेली असताना पाठीवर "खो" मिळाला आणि ती उठलीच नाही. बसल्या जागी डोळा लागला होता. दुसऱ्या वेळी उलटं झालं. तिनं पळणाऱ्या मुलीला बाद केलं, आनंदानं हात वर केले, आणि गुडघे दुमडून खाली बसली. मान लुळी, तोंड अर्धवट उघडं. दहा-बारा सेकंदांत उठली. क्रीडाशिक्षक ओरडले, "नाटक बंद कर." पुढच्या सामन्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

वर्गात तिला "कुंभकर्ण" म्हणत होतेच, वजन वाढल्यावर त्याला जोर आला. शाळेचं म्हणणं आळशी. वडिलांचं म्हणणं, "दहा तास झोपतीया, वर शाळेत बी झोपतीया. ह्याला आळस न्हाई म्हणायचं तर काय?" एका रात्री पाढे म्हणता म्हणता ती पेंगली तेव्हा त्यांनी तिला थोबाडीत मारली. हे त्यांनी मला पुष्कळ उशिरा, आर्या खोलीबाहेर गेल्यावर सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते.

डॉक्टर झाले. पहिल्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक, तरी टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी पडण्याचं वर्णन ऐकून फिट असाव्यात असं ठरवलं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला, तरी फिटचं औषध सुरू झालं. त्यानं झोप आणखी वाढली, वजनही. पडणं तसंच राहिलं. त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांच्यासमोर पाच मिनिटांत आईनं सांगितलेलं वर्णन होतं, पडणारी मुलगी नव्हती.

आता माझी चूक. मुख्याध्यापिकांनी तिला माझ्याकडं पाठवलं ते "लक्ष नाही, झोपते, खोटं खोटं पडते" अशा चिठ्ठीसह. मी तीन भेटी घेतल्या. घरात भांडणं होतात का, मोबाइल किती वेळ, मैत्रिणी का तुटल्या, अभ्यासाची भीती वाटते का, हे सगळं विचारलं. ती खाली मान घालून तुटक उत्तरं द्यायची, चेहऱ्यावर काहीच हलायचं नाही. माझ्या टिपणात मी लिहिलं: "उदासीनता. शाळेचा ताण. पडणं लक्ष वेधण्यासाठी असावं." शाळेनं नाटकी म्हटलं, बापानं आळशी म्हटलं, मी ते जरा शिकलेल्या भाषेत म्हटलं, एवढाच फरक.

राहिली आजी. आर्याला रात्री झोप लागताना दाराशी माणूस उभा दिसायचा. कधी पहाटे जाग यायची, पण हात-पाय हलायचे नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं. हे तिनं फक्त आजीला सांगितलं होतं. आजीनं तिला एका देवर्ष्याकडं नेलं, अंगारा आणला, मनगटात काळा दोरा बांधला. "बाहेरचं हाय," आजी मला म्हणाली. "पोरीचा काय दोष, बाई? तिला धरलंया."

या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. त्या घरात, शाळेत, दवाखान्यात मिळून पाच-सहा स्पष्टीकरणं फिरत होती. आजीचं सगळ्यांत चुकीचं होतं, आणि तेवढ्या एकात मुलगी निर्दोष होती. म्हणून ती आजीलाच सगळं सांगत होती.

निदानापर्यंत

चौथ्या भेटीत मी प्रश्नांची वही मिटली आणि तिला म्हटलं, तू नकला करतेस असं आई सांगत होती, माझी करून दाखव. ती तयार होईना. मग मीच आमच्या शाळेच्या शिपाईमामांची नक्कल करायला गेले. मला ती अजिबात जमत नाही. तिला हसू आलं, आणि हसू येता येताच चेहरा सुटला. पापण्या अर्ध्या खाली आल्या, जबडा लोंबला, जीभ ओठांवर आली, मान पुढं कलंडली. मी धावले. पंधरा सेकंदांनी तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मी ऐकत होतो, मॅडम. तुम्ही 'आर्या, आर्या' म्हणालात तीनदा."

फिटमध्ये असं सहसा होत नाही. मुलगी पूर्ण शुद्धीत होती. मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली, मी न विचारता: "म्हणून मी आता हसत न्हाई."

मी डॉक्टर नाही, त्यामुळं नाव घेतलं नाही. आईला एवढंच सांगितलं: घरी तिला हसवा, गादीवर बसवून, आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. ओमनं काम चोख केलं. अठ्ठावीस सेकंदांचा तो व्हिडिओ इथल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी दोनदा पाहिला आणि नार्कोलेप्सी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला.

पुढचा निर्णय सोपा नव्हता. खात्रीसाठी पुण्याला झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र आणि पुढचा अख्खा दिवस राहायचं, त्याआधी दोन आठवडे झोपेची रोजनिशी भरायची, आणि चालू असलेलं फिटचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचं. खरंच फिट असल्या तर? वडिलांचं मत पडलं की सहामाही परीक्षा होऊ दे. आजीला नरसोबाच्या वाडीला जायचं होतं. आईनं पतसंस्थेतून रजा टाकली आणि तारीख घेऊन टाकली. वाडीला पुण्याहून परतल्यावर जाऊ, असं आजीला सांगितलं, आणि खरंच गेले.

चाचणी अशी असते: रात्रभर झोपेची नोंद, मग दिवसा दर दोन तासांनी पाच वेळा अंधाऱ्या खोलीत झोपायची संधी, प्रत्येक वेळी वीस मिनिटं. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोन वेळा झोप लागल्यावर पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नांची झोप सुरू झाली, तर निदान पक्कं मानतात. एरवी माणूस त्या झोपेत तास-दीड तासानं पोचतो. आर्याला सरासरी तीन मिनिटांत झोप लागली. पाचपैकी चार वेळा ती थेट स्वप्नात गेली.

आजार काय आहे, वडिलांच्या शब्दांत

नार्कोलेप्सी हे नाव फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी १८८० मध्ये दिलं, पण कारण कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली. १९९८ मध्ये मेंदूतलं ओरेक्सिन (दुसरं नाव हायपोक्रेटिन) हे रसायन सापडलं, आणि २००० च्या सुमारास स्पष्ट झालं की या आजाराच्या पहिल्या प्रकारात ते बनवणाऱ्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटत असावी, असं आज बहुतेक संशोधक मानतात. ओरेक्सिन जागेपणा टिकवून धरतं. ते नसलं की जागेपण, झोप आणि स्वप्न यांच्यातल्या भिंती पातळ होतात. स्वप्नात शरीर लुळं असतं, ते लुळेपण जागेपणी हसताना येऊन धडकतं. त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. दाराशी दिसणारा माणूसही तसाच, जाग असताना सुरू झालेलं स्वप्न. लहान मुलांत सुरुवातीच्या महिन्यांत वजन बऱ्याचदा झपाट्यानं वाढतं, तेही याच आजारातून. चोरून खाण्याचा त्यात काही भाग नव्हता.

डॉक्टर हे समजावत होते तेव्हा वडील मध्येच म्हणाले, "म्हणजे स्टार्टरचं होल्डिंग गेलंय." मग आम्हालाच समजावलं: हिरवं बटण दाबलं की मोटर फिरते, बोट काढलं की थांबते. मोटर चांगली, लाईट चांगली, होल्ड करणारा कॉन्टॅक्ट तेवढा गेलेला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही. त्या क्षणापासून या घरात आजाराचं नाव "होल्डिंग" झालं. आजीसुद्धा तेच म्हणते.

परदेशी पाहण्यांत हा आजार साधारण दोन ते चार हजारांत एकाला आढळतो. ते प्रमाण इथं लावलं, तर २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाख असलेल्या कोल्हापूर शहरात शंभरावर माणसं असायला हवीत. मला आजवर एकच भेटली. बाकीची आळशी म्हणून कुठंतरी बसलेली असणार.

निदानानंतरचे पर्याय

मेंदूत गाठ नाही, फिट नाही, म्हणून पहिले चार दिवस घर हलकं झालं. पाचव्या दिवशी "कायमचं" हा शब्द आईच्या डोक्यात उतरला. आजार बरा होत नाही, सांभाळता येतो. तिनं रात्री मुलीच्या शेजारी झोपायला सुरुवात केली आणि स्वतःची झोप घालवून बसली. वडिलांना थोबाडीत मारलेलं आठवायचं आणि ते मुलीला काहीही आणून द्यायचे. दोघांची अपराधाची भावना एकच, पण ती वेगवेगळ्या दिशेला निघाली, आणि भांडणं तिथूनच सुरू झाली.

औषधांचा निर्णय डॉक्टरांचा होता, त्यावर मी लांबण लावत नाही. आईनं इंटरनेटवर वाचलं होतं की अमेरिकेत सोडियम ऑक्सिबेट या नार्कोलेप्सीवरच्या औषधाला २०१८ मध्ये सात वर्षांवरच्या मुलांसाठी परवानगी मिळाली. डॉक्टरांनी इथं सहज मिळणाऱ्यापासून सुरुवात केली: जागं राहण्यासाठी सकाळी मोडाफिनिल, पडणं कमी व्हावं म्हणून व्हेन्लाफॅक्सिनचा लहान डोस, आणि दिवसात ठरवून घेतलेली छोटी झोप.

खरा वाद झाला कुणाला सांगायचं यावर. आई म्हणाली, मुख्याध्यापिका आणि वर्गशिक्षिका सोडून कुणालाही नको. "उद्या हिच्या लग्नाचं बघताना कोण काय काढंल?" मुलगी अकरा वर्षांची. मला हसू यायला हवं होतं, पण पेठेत कोण काय काढतं हे मीही ओळखून आहे. वडील दुसऱ्या टोकाला: सगळ्यांना सांगा, ज्यांनी ज्यांनी तिला नाटकी म्हटलं त्यांना बोलवून सांगा. त्यांना तिच्यासाठी न्याय हवा होता, थोडा स्वतःसाठी माफीनामाही.

अर्धा तास आम्ही तिघं बोलत होतो. आर्या तिथंच बसलेली होती. मग मला सुचलं की तिला कुणी विचारलंच नाही. तिचं उत्तर तयार होतं: "झोपेचं आणि पडायचं सांगा. तो माणूस दिसतो ते सांगू नका." आमच्या कुणाच्याच यादीत असा पर्याय नव्हता.

काय केलं

शाळेत. विज्ञानाच्या बाईंनी मेंदू आणि झोप यावर एक तास घेतला, शेवटची पाच मिनिटं आर्या स्वतः बोलली. एका मुलानं विचारलं, "म्हणजे आम्ही हसवलं की तू पडणार?" सगळे हसले, तीही हसली, बाकावर बसल्या बसल्या मान कलंडली, परत वर आली. तास छान झाला असं आम्हाला वाटलं. पुढचे दोन आठवडे काही मुलं तिला पाडण्यासाठी हसवत होती. जिन्यात ती पडली आणि पुढचा दात टवका उडून तुटला. आई माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाली, "मी सांगत होते." माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या मुलांना बाईंनी शिक्षा केली. खेळ थांबला तो शिक्षेमुळं की कंटाळ्यामुळं, मला सांगता येत नाही.

झोपेची जागा आणि वेळ ठरवण्यातही चुकलो. आजारी मुलांची खोली तिनं नाकारली. ग्रंथालयात कपाटामागं सतरंजी टाकायचं ठरलं, मोठ्या सुट्टीत वीस मिनिटं. झोपेच्या दृष्टीनं उत्तम. महिन्याभरात लक्षात आलं की डबा, गप्पा, रुसवे-फुगवे, सगळी मैत्री मोठ्या सुट्टीतच होते, आणि ती तेवढ्या वेळात कपाटामागं झोपलेली असते. ज्यासाठी उपाय केला तेच तिच्यापासून काढून घेतलं. मग झोप कार्यानुभवाच्या तासाच्या सुरुवातीला नेली. उठवायचं काम आधी मॉनिटरकडं होतं. तो "उठ गं होल्डिंग" म्हणून उठवायचा. ते काढून थरथरणारं घड्याळ दिलं.

रस्त्यावर. वडील तिला स्कूटरवरून शाळेत सोडत. मागं बसून ती बिंदू चौकातल्या सिग्नलला झोपायची, म्हणून आई तिला ओढणीनं वडिलांच्या पाठीशी बांधून द्यायची. निदानाआधीचे आठ महिने हे चाललं होतं, आणि कुणालाच यात विशेष वाटलं नाही, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आता ती शाळेच्या रिक्षातून जाते, मधल्या जागेवर बसून. उन्हाळ्यात पंचगंगेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. हाताच्या अंतरावर जाणतं माणूस असेल तर पोहायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. वडिलांना धीर झाला नाही. मी आग्रह धरला नाही.

घरात. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे. निदानानंतर आई-वडिलांनी न ठरवता एक नियम केला होता: हिला हसवायचं नाही. विनोदी कार्यक्रम बंद. ओमनं काही गंमत सांगायला तोंड उघडलं की आई डोळे वटारायची. जेवताना सगळे मुकाट. मुलगी आधीच हसणं गिळत होती, आता घरानं तिला साथ दिली. एका भेटीत मी विचारलं, शेवटचं केव्हा हसलात सगळे? आजीनं बोटं मोजली आणि सोडून दिली.

पडण्यात धोका उंचीचा आणि कडांचा आहे. मग खाली बसून हसा, एवढंच सुचवलं. टीव्हीसमोरचं काचेचं टेबल वर्कशॉपला गेलं, जागी गादी आली. नियम ओमनं बनवला: काहीही गमतीचं सांगण्याआधी विचारायचं, "बसलीस काय, ताई?" ती भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "बसलो. सांग." पहिल्या आठवड्यात ती दिवसाला दहा-दहा वेळा लुळी पडत होती, आणि आईचा जीव वर-खाली होत होता. पण नकला परत आल्या. माझीही आहे त्यात. मी ती पाहिली. चष्मा वर सरकवून "मग तुला काय वाटतं, बाळा?" असं मी इतक्यांदा म्हणते हे मला माहीत नव्हतं.

आजीचा दोरा आम्ही मनगटातच राहू दिला. मला एका सहकाऱ्यानं यावरून टोकलंही. माझी अट एवढीच होती की औषध चुकवायचं नाही आणि देवर्ष्याकडं तिला उपाशी ठेवायचं नाही. आजीनं दोन्ही पाळलं. दाराशी माणूस दिसला तर आर्या अजूनही आजीलाच हाक मारते, आणि आजी म्हणते, "होल्डिंगचा हाय तो. जाईल."

काय झालं

चौदा महिने झाले. पडणं खूप कमी झालं, थांबलेलं नाही. मध्ये गारगोटीकडच्या गावी यात्रेला गेले असताना व्हेन्लाफॅक्सिनची पट्टी घरीच राहिली. दोन दिवसांत ती इतकी वरचेवर लुळी पडायला लागली की चालता येईना. हे औषध एकदम तुटलं की पडणं उसळून वर येतं, आणि हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. गावातल्या बायका पाया पडायला आल्या, तिच्या अंगात आलंय असं वाटून. आर्याला त्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटली. आता एक पट्टी आजीच्या बटव्यात कायम असते.

मोडाफिनिलनं सकाळी डोकं दुखायचं, ते महिन्यात कमी झालं. संध्याकाळी ती चिडचिडी असते. वजन वाढायचं थांबलं, उतरलेलं नाही. भाकरी पूर्ण मिळते. गुण मधलेच. एक जवळची मैत्रीण गेली ती परत आली नाही. खो-खोच्या सरावाला जाते, सामन्यात घेत नाहीत, आणि त्यावरून ती क्रीडाशिक्षकांशी स्वतः जाऊन भांडली. त्यांनी "नाटक" या शब्दाबद्दल माफी मागितली असती तर बरं झालं असतं. त्यांनी तिला स्कोअर लिहायला बसवलं.

आई पूर्ण वेळ कामावर परतली. रात्री अजून दोनदा उठते. वडिलांनी थोबाडीत मारल्याबद्दल मुलीची माफी मागितली, ती म्हणाली, "मला आठवत न्हाई, मी झोपलेलो." ते त्यांनी मला सांगितलं तेव्हा हसत होते आणि रडत होते. तिला खरंच आठवत नाही की तिनं वडिलांना सोडवलं, हे मी विचारलेलं नाही.

दहावीचा प्रश्न पुढं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यात नार्कोलेप्सीचं नाव नाही. दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांच्या सदरात तिला परीक्षेत जादा वेळ आणि मध्ये छोटी झोप मिळवता येईल का, याची कागदपत्रं आठवीतच सुरू करायची असं ठरवलंय.

वेगळं काय करता आलं असतं

व्हिडिओ पहिल्या भेटीतच मागायला हवा होता. मुलगी पडते असं कुणी म्हटलं, तर कशानंतर पडते हा पहिला प्रश्न. मी घरातल्या भांडणांबद्दल विचारत बसले. तिचा न हलणारा चेहरा मी उदासीनता म्हणून वाचला. तो अर्धा आजाराचा होता, अर्धा तिनं हसू येऊ नये म्हणून कमावलेला.

वर्गाला सांगण्याआधी, सांगितल्यावर मुलं काय करतील याची तयारी करायला हवी होती. मुलं कुतूहलानं करून पाहणारच. जिना, बाक, मैदान, कुठं कोण जवळ असेल हे आधी ठरवलं असतं तर दात वाचला असता. आणि आर्याला पहिल्या अर्ध्या तासाऐवजी पहिल्या मिनिटाला विचारलं असतं तर आई-वडिलांचं ते भांडणही वाचलं असतं.

सगळ्यांत मोठी चूक ओमच्या बाबतीत झाली. तो व्हिडिओ घ्यायचा, नियम बनवायचा, ताईची औषधाची वेळ त्याला पाठ. इतका कामाचा मुलगा की त्याच्याकडं वेगळं बघायची कुणाला गरज वाटली नाही. गेल्या महिन्यात त्याच्या शिक्षिकेनं सांगितलं की तो वर्गात पेंगतो. आई कोसळलीच. मी त्याला बोलावलं. बराच वेळ तो शर्टाचं बटण फिरवत बसला, मग म्हणाला की तो रात्री मुद्दाम जागा राहतो. झोप जास्त झाली की होल्डिंग जातं, असं त्याला वाटत होतं. ताईचं तसंच तर सुरू झालं होतं.

"मला पण होणार काय, मॅडम?"

सख्ख्या भावंडात याची शक्यता शंभरात एक-दोन, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला ते सांगायला चौदा महिने लागले.